नळीवरचं नाव

बुधवारी सकाळी सात वाजता प्रसूतिगृहाची खिडकी उघडायची आणि फाउस्तो एरासो मान वर न करता विचारायचा, "आडनाव?"

नाव तो विचारायचाच नाही. शहरातली, टाचांचे बूट घातलेली, स्पॅनिश बोलणारी बाई असली तर अर्थात विचारायचा, वर आदराने 'दोन्या' लावून, जसं पुरुषाला 'दॉन' लावतात. पण डोंगरावरून आलेली, नमद्याची टोपी घातलेली, लोकरीची शाल पांघरलेली किचवा आदिवासी बाई खिडकीशी उभी राहिली की तिचं नाव आधीच ठरलेलं असायचं. मारीया. मारीया गुआमान, मारीया मोरोचो, मारीया पिल्को. बरोबर नवरा असेल तर तो मानुएल. आमच्या रिओबांबा शहरात बाजारात, बसमध्ये, मोठ्या घरांच्या स्वैपाकघरांत सगळीकडे हीच रीत होती, आणि ती वाईट आहे असं आम्हा कुणाला वाटत नव्हतं. उलट त्यात थोडी मायाच आहे अशी आम्ही स्वतःची समजूत घालून घेतली होती. "ए मारीया, बटाटे कसे दिले?" असं मीही शंभरदा म्हटलेलं आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना मी स्वतःला बाजूला काढत नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. ते लहानसं प्रसूतिगृह आता राहिलेलं नाही. तिथल्या प्रयोगशाळेत नोएमी विलाक्रेस काम करायची. वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं, हात हलका. तिने सुई टोचली तर कळायचंही नाही असं बायका म्हणत. तिच्या वडिलांचं गुआमोतेला मीठ-मेणबत्त्यांचं दुकान होतं, आणि दुकानासमोरच्या मुलांबरोबर खेळता खेळता ती किचवा भाषा अस्खलित शिकली होती. पण कामावर ती कधी किचवातला शब्द काढायची नाही. बोललो तर लोक आपल्यालाही खिडकीच्या पलीकडची समजतील, अशी तिला भीती होती.

बुधवार हा तिच्या कामाचा मोठा दिवस. पोटातल्या बाळाचं सगळं खाणंपिणं वारेतून येतं. वार नीट काम करत असली की ती एक हार्मोन आईच्या रक्तात सोडत राहते, आणि दिवस भरत येतील तसं त्याचं प्रमाण वाढत जातं. आईच्या दंडातून थोडं रक्त घेऊन ते मोजलं, तर वार थकली आहे की नाही ते बाहेरूनच समजतं. हे मोजायचं यंत्र राजधानीत, क्विटोला आलं होतं. ज्या बायकांचं आधीचं मूल गेलं असेल किंवा रक्तदाब चढत असेल, त्यांचं रक्त सातव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी नोएमी घ्यायची, त्यातला पाणीदार भाग वेगळा करायची, नळ्यांवर नावं चिकटवायची आणि त्या बर्फाच्या डब्यात ठेवून डबा क्विटोच्या बसवर चढवायची. पुढच्या मंगळवारी आकडे यायचे. आकडा चारच्या खाली गेला तर डॉक्टर पारेदेस बाईला भरती करून घेत, आणि गरज पडली तर दिवस भरायच्या आधीच बाळ बाहेर काढत. वर्षभरात अशी अकरा मुलं वाचली होती. नोएमीला त्या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

बाल्तासारा लेमा पहिल्यांदा आली ती मे महिन्यात. पुकारा नावाच्या वस्तीवरून दोन तास चालत, पुढे ट्रकच्या मागे उभी राहून. वय सव्वीस. आधीची दोन मुलं जन्मताच गेलेली. नवरा सेगुंदो ग्वायाकिलला बंदरावर हमालीला होता. सातवा महिना लागला होता, पण पोट शालीखाली दिसतही नव्हतं.

"आडनाव?"

"लेमा."

"मारीया लेमा. गाव?"

"पुकारा. पण साहेब, मी मारीया नाही. बाल्तासारा."

"इथे सगळ्या मारीयाच," फाउस्तो म्हणाला. "लिहायला सोपं जातं. चल, पुढे सरक."

रांगेतलं कुणीतरी हसलं. आतल्या दारात सुयांचा ट्रे घेऊन उभी असलेली नोएमीही हसली. फार नाही, ओठांच्या कडेला. पण बाल्तासाराने ते पाहिलं.

आत आल्यावर नोएमीने तिच्या दंडाला रबरी पट्टी बांधली. "हात सैल सोड, मारीया."

"बाल्तासारा," ती पुन्हा म्हणाली, आता अगदी हळू.

"हो, हो. मूठ आवळ."

पहिला आकडा आला पाच पूर्णांक एक. पंधरा दिवसांनी चार पूर्णांक चार. "उतरतोय," डॉक्टर म्हणाले, "लक्ष ठेवू." तिसऱ्या खेपेला रक्त द्यायला बाल्तासारा आली, त्याच बुधवारी पेत्रोना लेमा नावाची दुसरी एक बाई पहिल्यांदा आली. ती शहराच्या कडेला वीटभट्टीवर राहायची. दोघींचं नातं काही नव्हतं. आमच्याकडे लेमा आडनावाची घरं शेकड्यांनी आहेत. पेत्रोना अंगाने भरलेली, पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला, बोलायला मोकळी. खिडकीवर तीही झाली मारीया लेमा.

नळ्यांवर नावं लिहिताना नोएमीच्या ध्यानात आलं की दोन मारीया लेमा आहेत. फाइलचा नंबर लिहायचा नियम होता, पण चिठ्ठ्या लहान होत्या, बसची वेळ झाली होती, आणि नंबर पाहायला खिडकीपर्यंत जावं लागलं असतं. तिने एका नळीवर 'मारीया लेमा, एक' लिहिलं आणि दुसरीवर 'मारीया लेमा, दोन'. आपल्या लक्षात राहील असं तिला वाटलं.

मंगळवारी क्विटोहून टाइप केलेला कागद आला. त्यात एक आणि दोन नव्हतं. एकाखाली एक दोन ओळी होत्या. मारीया लेमा, तीन पूर्णांक दोन. मारीया लेमा, सहा पूर्णांक चार.

नोएमी कागद हातात घेऊन जराशी थांबली. मग तिने विचार केला, पेत्रोनाचे पाय सुजलेत, रक्तदाब जास्त, तेव्हा कमी आकडा तिचाच असणार. ती दुसरी बारीकशी बाई तर धडधाकट चालत येते. तिने तीन पूर्णांक दोनची पट्टी पेत्रोनाच्या फाइलमध्ये चिकटवली आणि सहा पूर्णांक चारची बाल्तासाराच्या. ह्यात फसवणूक नव्हती, आळसही फारसा नव्हता. एक अंदाज होता, आणि तो चुकला.

बुधवारी रक्तदाब तपासायला आलेल्या पेत्रोनाला डॉक्टरांनी तिथल्या तिथे भरती करून घेतलं आणि तिचं रक्त पुन्हा पाठवलं. शुक्रवारी बाल्तासारा आली. तिची रक्त द्यायची पाळी खरी पुढच्या बुधवारी होती.

"डॉक्टर शुक्रवारी नसतात," फाउस्तो म्हणाला. "बुधवारी ये."

"सासू म्हणाली आजच जा. बाळ कमी हलतंय. पोट वाढत नाही. ती सुईण आहे, तिच्या हाताला कळतं."

"तुझी सासू डॉक्टर आहे का?" असं म्हणून त्याने आत हाक मारली, "नोएमी, ह्या मारीयाला जरा समजाव."

नोएमी आली. तिने फाइल काढली आणि पट्टीवर बोट ठेवलं. "हे बघ. सहा पूर्णांक चार. मागच्यापेक्षा चांगलं वाढलंय. वार छान चाललीये तुझी. घरी जा, नीट जेव, बुधवारी ये."

बाल्तासाराला वाचता येत नव्हतं. ती त्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हा माझाच कागद ना?"

"तुझाच. हे काय नाव, मारीया लेमा."

 बाल्तासारा शाल ओढून घेऊन निघून गेली. तिच्या पोटाला लाकडी नळी लावून ठोके ऐकायलाही कुणाला सुचलं नाही. कागद चांगला होता ना!

पुढच्या मंगळवारी पेत्रोनाचा दुसरा आकडा आला. सहा पूर्णांक सात. डॉक्टर म्हणाले, "क्विटोवाल्यांचं यंत्र मागच्या वेळी बिघडलं असणार. सोडा हिला घरी." पेत्रोना खुशीत आपली गाठोडी बांधायला लागली. नोएमी मात्र टेबलाशी बसूनच राहिली. तो तीन पूर्णांक दोनचा आकडा पेत्रोनाचा नव्हता तर कुणाचा होता? उत्तर तिला ठाऊक होतं. दुपार होती, पुकाराकडे जाणारा ट्रक चौकात उभा असेल हेही ठाऊक होतं. पण तिने स्वतःला सांगितलं, उद्या बुधवार आहे, ती येईलच.

ती आली. ह्या वेळी सासू कासिमिरा बरोबर होती. डॉक्टरांनी लाकडी नळी पोटाच्या एका बाजूला लावली, मग दुसऱ्या बाजूला, मग पुन्हा पहिल्या. बराच वेळ कान लावून ते वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी बाल्तासाराकडे पाहिलं नाही, नर्सकडे पाहिलं.

गुरुवारी दुपारी ती बाळंत झाली. मुलगी. सगळं जागच्या जागी, नखंसुद्धा. फक्त बारीक, फार बारीक. दोन-तीन दिवसांपूर्वी गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे शुक्रवारी ती जिवंत होती. "ह्या बायका वेळेवर येत नाहीत, काय करणार," असंही ते म्हणाले. नोएमी तिथेच उभी होती, आणि तिने ते ऐकून घेतलं.

बाळाला अंघोळ कासिमिराने घातली. कुणाला हात लावू दिला नाही. मग फाउस्तोने दिलेला दफनाचा कागद घेऊन ती व्हरांड्यात आली. वय पासष्टच्या पुढचं, पाठ ताठ. प्रयोगशाळेच्या दारात नोएमी दिसली तशी तिने कागद पुढे केला.

"वाचून दाखव."

नोएमीने वाचलं, "मारीया लेमा, राहणार पुकारा, हिची मृत जन्मलेली मुलगी. कारण, गर्भवती दवाखान्यात उशिरा आल्यामुळे."

कासिमिराला स्पॅनिश जेमतेम कळायचं. नोएमीने तेच किचवात सांगितलं. त्या इमारतीत ती किचवा बोलली ती तेव्हा पहिल्यांदा. म्हातारीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तुला येतं तर आमचं बोलणं," ती म्हणाली. "मग सांग, ही मारीया कोण?"

नोएमीने कागदाकडे पाहिलं.

"माझ्या सुनेचं नाव बाल्तासारा. तीन राजांच्या सणाला जन्मली म्हणून तिच्या बापाने त्यांतल्या एका राजाचं नाव ठेवलं. मारीया नावाची सून मला नाही. पोर गेलं ते गेलं. पण हा कागद घेऊन मी पाद्र्याकडे गेले तर तो विचारेल, हे कुणाचं पोर आणलंस? आणि उशीर म्हणजे काय? शुक्रवारी मी तिला पाठवलं होतं. ती आली नव्हती का?"

"आली होती, आई."

"मग?"

व्हरांड्यात एक बाक होता. नोएमी त्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. दोन नळ्या, दोन ओळी, पेत्रोनाचे सुजलेले पाय, आपला अंदाज. काही लपवलं नाही. कासिमिरा उभी राहून ऐकत होती. मधे एकदा आतून कण्हण्याचा आवाज आला तेव्हा तिने मान वळवली, एवढंच.

"म्हणजे रक्ताने खरं सांगितलं होतं?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात, मंगळवारी."

"आणि माझ्या हातांनीही खरं सांगितलं होतं. तुमच्या यंत्राचं आणि माझ्या हातांचं एकच म्हणणं होतं, पोरी. मधे तुम्ही बसला होतात." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "आमच्या बायका रक्त द्यायला घाबरतात म्हणून तुम्ही हसता. आम्ही मानतो की रक्त गेलं की माणसातलं बळ जातं, ते पुन्हा भरून येत नाही. मीही मानते. तरी मी तिला म्हटलं, दे. दोन पोरं गेलीत, ह्या वेळी त्यांचंही ऐकू. तीन वेळा दिलं तिने. तुम्ही ते कुणाचं म्हणून घेतलंत?"

 नोएमी रडायला लागली. कासिमिराने तिला गप्प केलं नाही आणि रागावलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रडून झालं की तो कागद नीट करून दे. मला ट्रक गाठायचाय."

नोएमी कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. पारेदेस वाईट माणूस नव्हते. दोन दोन दिवस घरी न जाता त्यांनी अडलेल्या बायका सोडवल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"आता हे लिहून काय होणार आहे, नोएमी? मूल परत येणार आहे का? उलट क्विटोवाले म्हणतील, ह्यांना नळ्यासुद्धा सांभाळता येत नाहीत. रक्त घेणंच बंद करतील. मग पुढच्या बायकांचं काय?"

"आणि नाही लिहिलं तर पुढच्या बायकांचं काय, डॉक्टर? पुढच्या बुधवारी खिडकीवर पुन्हा दोन मारीया असतील."

"चूक होते माणसाच्या हातून."

"माझ्या हातून झाली. पण मला तिचं नाव माहीत होतं. तिने दोनदा सांगितलं होतं."

 डॉक्टरांनी नवा कागद पुढे ओढला. उशिराचं वाक्य गेलं. नाव लिहिलं, बाल्तासारा लेमा. अक्षर नोएमीचं होतं, सही डॉक्टरांची. इतक्या खेपा घातल्या, इतकं रक्त दिलं, आणि त्या प्रसूतिगृहात तिचं खरं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते मुलीच्या दफनाच्या कागदावर.

बाळाची पेटी ट्रकपर्यंत न्यायला त्या वेळी फाउस्तोखेरीज कुणी मोकळं नव्हतं. त्याने ती उचलली. पायऱ्यांवर त्याची पावलं मंदावली, कारण पेटी इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ट्रकमध्ये चढून कासिमिराने पेटी मांडीवर घेतली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "नाव काय तुझं, बाबा?"

"फाउस्तो."

"पुढे?"

"एरासो. फाउस्तो एरासो."

"देव तुमचं भलं करो, दॉन फाउस्तो एरासो," ती म्हणाली.

ट्रक गेला तरी तो रस्त्याच्या कडेला उभा होता.

रविवारी नोएमी पुकाराला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. घर मातीचं, अंगणात मेंढ्या, वर चिंबोरासोचा बर्फाळ माथा ढगात गेलेला. बाल्तासारा भिंतीला टेकून उन्हात बसली होती. शालीखाली छातीवर तिने कापडाची पट्टी घट्ट आवळून बांधली होती. नोएमीला लगेच समजलं. दूध आलं होतं. रक्तातलं जे हार्मोन ती मोजायला पाठवायची, ते पोटातल्या बाळासाठी आईची छाती तयार करण्याचंही काम करतं. पुस्तकात तिने हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ती पट्टी बघेपर्यंत त्याचा अर्थ मात्र तिला कळला नव्हता.

तिने किचवात सांगितलं, काय झालं आणि कुणामुळे झालं. क्षमा मागायची असं तिने घरून ठरवलं होतं, पण तिथे तो शब्द तिला उच्चारता आला नाही. नुसतं म्हणाली, "चूक माझी आहे, बाल्तासारा."

बाल्तासाराने आपल्या नावाला मान वर केली. मग मेंढ्यांकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोट ठेवून नाव वाचलंत ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं. नाव दुसऱ्या बाईचं आहे, तर कागदही दुसऱ्याच बाईचा असेल. पण तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, यांना काय सांगायचं. गप्प बसले." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "बोलायला हवं होतं मी."

"नाही. तुम्ही बोलला होतात. आम्ही ऐकलं नाही."

बाल्तासारा उठून आत गेली, ती परत बाहेर आली नाही. कासिमिराने उकडलेले बटाटे आणि मिरचीची चटणी ताटलीत आणून समोर ठेवली. "खाऊन जा. वर चढून आलीस." नोएमीने खाल्ले. ताटली तशीच सोडून जाण्याचा अधिकार आपल्याला नाही असं तिला वाटलं.

सोमवारी तिने नोंदवही उघडून बसून मोजलं. वर्षभरात डोंगरावरच्या एकशे त्रेसष्ट बायकांचं रक्त तिने घेतलं होतं. त्यांतल्या एकशे एकतीस मारीया होत्या. तिने क्विटोला अहवाल लिहिला, आपल्या चुकीसकट, आणि त्यात हा आकडाही घातला. तिला लेखी ताकीद मिळाली. रक्त घेणं बंद झालं नाही. डॉक्टरांना वाटलं होतं तसं काही घडलं नाही. उलट क्विटोहून विचारणा आली की तुम्ही नावं तपासण्याची कोणती पद्धत ठरवली आहे.

पद्धत साधी होती. नाव, बापाचं नाव, वस्ती, फाइलचा नंबर. आणि नळीवर लिहिलेलं नाव त्या बाईला वाचून दाखवायचं, तिच्या भाषेत. तिने होकार दिल्याशिवाय नळी डब्यात जाणार नाही.

पहिल्या बुधवारी रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. शहरातल्या बायका कुरकुरल्या. "एवढं काय लिहिताय?" खिडकीवर फाउस्तो होता. अदबीने बोल असं त्याला कुणी बजावलं नव्हतं. पहिली बाई पुढे आली, तेव्हा त्याच्या तोंडातून सवयीने निघालं, "आडनाव?" मग पेन थांबलं. त्याने मान वर केली, बहुधा त्या नोकरीत पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "तुमचं नाव काय, दोन्या?" बाईला वाटलं तो मागच्या कुणाशी तरी बोलतोय. तिने वळून पाहिलं.

वाचकहो, नोएमी मला भेटायची तेव्हा एक गोष्ट नेहमी सांगायची. त्या बाळाला कुणी दुष्टाने मारलं असतं तर सोपं झालं असतं, त्याला शिक्षा करून आपण मोकळे झालो असतो. पण तिथे कुणी दुष्ट नव्हतं. एक कारकून होता, त्याला वेळ वाचवायचा होता. एक डॉक्टर होता, तो शुक्रवारी नसायचा. एक हुशार, हलक्या हाताची बाई होती, ती ओठांच्या कडेला हसली होती. एखाद्या माणसाला त्याचं नाव न विचारणं ही गोष्ट आपण इतकी लहान धरतो की तिला चूकही म्हणत नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचं पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे का? कचेरीत पाणी आणून देणाऱ्या माणसाचं? ज्याचं नाव आपण विचारलं नाही, त्याने सांगितलेलं दुखणंही आपण ऐकत नाही, हे मी ह्या घटनेतून शिकलो. यंत्रं येतील, आणखी बारीक मोजतील, आणि ती यावीत. पण त्यांनी दिलेलं उत्तर कुणाचं आहे हे माणसालाच विचारावं लागेल, आणि त्यासाठी आधी त्या माणसाकडे मान वर करून बघावं लागेल. एवढं आपण सगळ्यांनी आजपासून केलं तरी पुष्कळ.

बाल्तासारा त्या प्रसूतिगृहाची पायरी पुन्हा कधी चढली नाही. तीन वर्षांनी तिला मुलगा झाला, घरीच, सासूच्या हातात. जगला. नोएमीला ते कासिमिराकडून कळलं. एकदा येऊन बाळाला बघू का, असं तिने विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "नको. तिला सुखाने राहू दे." नोएमीने पुन्हा विचारलं नाही.

कासिमिरा मात्र यायची. वस्तीवरच्या ज्या बाईचं पोट तिच्या हाताला बरोबर वाटायचं नाही, तिला घेऊन ती स्वतः बुधवारच्या रांगेत उभी राहायची. आत आली की बाकावर बसायची आणि सुईकडे न बघता नळीवरच्या चिठ्ठीकडे बघत राहायची. तिला अक्षर येत नव्हतं. रक्त घेऊन झालं की ती नोएमीला म्हणायची, "वाच." नोएमी वाचायची. कासिमिरा शेजारच्या पोरीकडे वळून विचारायची, "तूच ना ही?" आणि ती पोर हो म्हणेपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही.